गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही, तेव्हा



मागच्या दिवाळीनंतर एका गटाचं रजिस्टर तपासत होते. अंतर्गत कर्जाच्या पानावर एकाच ताईंच्या नावापुढे दोन वर्षांत चार वेळा कर्ज दिसलं. कारणाच्या रकान्यात चारही वेळा एकच शब्द, 'दवाखाना'. एकूण अठरा हजार रुपये, आणि हप्ते थकलेले. गटात कुरकुर चालूच होती, "बाईले काही झालं नाही, कामाचा कंटाळा हाय नुसता." ताई भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. बैठक झाल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, रक्त कमी हाय म्हणते डॉक्टर. सलाईन लावलं का चार दिवस बरं वाटते, मंग पुन्हा तसंच. गोया खाऊन खाऊन तोंड कडू झालं."

आता माझी चूक सांगते. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, ॲनिमियाचं प्रशिक्षण घेतलेली. तरी मी त्यांना तेच सांगितलं जे सगळे सांगत होते, गोळ्या नियमित घ्या, पालेभाज्या खा. आणि माझ्या वहीत लिहिलं, 'गोळ्या घेत नसाव्यात'. त्या घेत होत्या. रोज. पाच महिन्यांनी कळलं की त्यांना सिकलसेल आहे. (हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव-गाव मुद्दाम दिलेलं नाही.)

तेव्हापासून मी बैठकीत एक गोष्ट सांगते. 'रक्त कमी आहे' हे आजाराचं नाव नाही. 'ताप आहे' म्हटल्यासारखंच ते. ताप मलेरियाचा असतो, टायफॉईडचाही असतो, दोघांना एकच गोळी चालत नाही. रक्ताचंही तसंच आहे.

आधी आकडे. बाईचं हिमोग्लोबिन, म्हणजे एच.बी., 12 ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया, आणि 8 च्या खाली तीव्र. गरोदर असेल तर 11 च्या खाली ॲनिमिया आणि 7 च्या खाली तीव्र. तेव्हा घरी थांबायचं नाही, दवाखान्यातच जायचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांना ॲनिमिया निघाला. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. म्हणूनच आपल्याला दमणं, धाप लागणं, डोकं गरगरणं हे सगळं 'बाईमाणसाला असतंच' असं वाटतं.

शिल्लक आणि रोकड

यातल्या बऱ्याच जणींना लोहाची कमतरता असते. हे आपल्या गटाच्या हिशोबासारखं समजून घ्या. हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड, आणि शरीरात साठवलेलं लोह म्हणजे बँकेतली शिल्लक. खर्च जास्त झाला की शरीर आधी शिल्लक मोडतं. शिल्लक संपली की मगच रोकड कमी पडते. म्हणून एच.बी. कमी दिसतं तोवर आतली कोठी बहुतेक रिकामी झालेली असते. ही शिल्लक मोजायच्या तपासणीला फेरिटिन म्हणतात.

खर्च किती होतो बघा. साध्या पाळीत महिन्याला 30-40 मिली रक्त जातं, त्यासोबत 15 ते 20 मिलीग्रॅम लोह जातं. जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलीग्रॅम लोह उचलतं. म्हणजे साधी पाळी असली तरी जमा-खर्च कसाबसा जुळतो. पाळी सात दिवसांच्या वर जात असेल, गाठी पडत असतील, तास-दोन तासाला कपडा किंवा पॅड बदलावा लागत असेल, तर ताळमेळ बसूच शकत नाही. अशा वेळी नुसत्या गोळ्या खाणं म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी भरणं. आधी अंगावरून का जातं ते बघायला हवं. आणि त्यासाठी कोणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्याचं 2019 मध्ये राज्यभर गाजलं होतं, ते आठवत असेल. पोटातले जंतही आतून रक्त पितात. अनवाणी शेतात जाणाऱ्यांना ते जास्त होतात, म्हणून जंताची गोळी फक्त पोरांची नाही.

2018 पासून ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात आशाताईंकडून ज्या लाल गोळ्या मिळतात, त्या एका गोळीत 60 मिलीग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. ॲनिमिया होऊ नये म्हणून आठवड्याला एक. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने. ॲनिमिया निघालाच तर डोस वाढतो, तो नर्सताई किंवा डॉक्टर सांगतील. जेवणानंतर, रात्री घेतली तर मळमळ कमी होते. संडास काळी होते, घाबरू नका. चहा मात्र गोळीच्या आधी-नंतर तासभर नको, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. एच.बी. 12 झालं म्हणून लगेच थांबू नका. रोकड आली, शिल्लक भरायची आहे, त्याला आणखी दोन-तीन महिने लागतात. आणि डबा लहान लेकरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. चॉकलेट समजून मूठभर गोळ्या खाल्ल्या तर लेकराच्या जिवावर बेतू शकतं.

आता मुद्द्याची गोष्ट. नीट गोळ्या घेतल्या तर महिनाभरात एच.बी. निदान एक ग्रॅमने वाढायला पाहिजे. वाढलं नाही तर तीच गोळी वर्षभर ओढायची नाही. 'का वाढलं नाही?' हे विचारायचं. माझ्या ताईंना हा प्रश्न तीन वर्षांत कोणीच विचारला नाही, मीही नाही.

मग काय तपासायचं

पहिली तपासणी सी.बी.सी. त्यात एच.बी.सोबत एम.सी.व्ही. म्हणून आकडा असतो, तो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. साधारण 80 ते 100 ठीक. 80 च्या खाली म्हणजे पेशी लहान, तिथे लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया असू शकतो. 100 च्या वर म्हणजे पेशी मोठ्या, तिथे बी-12 किंवा फॉलिक ॲसिड कमी असू शकतं. रिपोर्ट हातात आला की हा आकडा डॉक्टरांना विचारा. आपण विचारलं की तेही जरा थांबून बघतात, हा माझा अनुभव आहे.

बी-12 ची एक ताई आमच्याच प्रभागात आहे. घर माळकरी, अंडं-मटण वर्ज्य, आणि दूध सगळं डेअरीला जातं. एच.बी. 9, पाय बधिर, रात्री मुंग्या यायच्या. बी-12 दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं, भाजीपाल्यातून नाही. यात धोका असा की लाल गोळीतल्या फॉलिक ॲसिडने रक्ताचा आकडा थोडा सुधारलेला दिसू शकतो, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. त्यांना बी-12 ची इंजेक्शनं सुरू झाली. आता घरचा एक पेला दूध त्या स्वतःसाठी ठेवतात, त्यावरून सासूबाईंशी एकदा वाजलंही.

सिकलसेल

सिकलसेलमध्ये लोह कमी नसतं, रक्ताची पेशीच वेगळी बनते. चांगली तांबडी पेशी गोल असते, 120 दिवस जगते. सिकलसेलची पेशी विळ्यासारखी वाकते आणि दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त सतत कमी. वाकड्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात म्हणून हाडं-सांधे भयंकर दुखतात, डोळे पिवळसर होतात. आमच्या ताईंना हे सगळं लहानपणापासून होतं. घरचे म्हणायचे वात आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आहे. आदिवासी समाजात जास्त, पण इतर समाजांतही आहे. कोणत्या जातीचा म्हणून नाव ठेवायचं कारण नाही.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी नावाची तपासणी आपल्या आरोग्य केंद्रात मोफत होते. ती फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते. वाहक आहे की आजारी, ते कळायला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. करावी लागते. त्याच तपासणीत थॅलेसेमियाही कळतो. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. शिबिर आलं की चुकवू नका.

ताईंचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. आता त्यांना रोज फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. एच.बी. 7.9 वरून 9.1 झालं. त्यांच्यासाठी ते चांगलं आहे, 12 चा हट्ट नाही. लोहाची गोळी आता तपासणीत कमी निघालं तरच. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या सिकलसेल-थॅलेसेमियाच्या रुग्णांत तर उलट लोह साठतं आणि यकृताला, हृदयाला त्रास देतं. ते बाहेर काढायची वेगळी औषधं असतात. शरीराला जास्तीचं लोह आपणहून टाकता येत नाही. ताप, छातीत दुखणं, धाप, एका बाजूची शक्ती जाणं, असं झालं तर लगेच मोठा दवाखाना. आणि हायड्रॉक्सीयुरिया चालू असताना मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलायचं.

त्या अठरा हजारांच्या सलाईनचं काय? सलाईन म्हणजे मीठ-पाणी किंवा साखर-पाणी. रंग दिसतो तो त्यात टाकलेल्या व्हिटॅमिनचा. त्याने रक्त बनत नाही. शिरेतून द्यायचं लोहाचं इंजेक्शन वेगळं असतं, गडद तपकिरी, आणि ते रिपोर्ट बघून, दवाखान्यात लक्ष ठेवूनच देतात.

अवघड भाग पुढे होता. ताईंच्या नवऱ्याने तपासणीला पंधरा दिवस लावले. त्यांचं नॉर्मल निघालं. म्हणजे दोन्ही लेकरं वाहक. वाहक माणूस आजारी नसतो, शेतातली कामं करतो, सगळं करतो. पण वाहकाचं लग्न वाहकाशी झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. एक लेकरू निरोगी झालं म्हणून पुढचं होईलच असं नाही. म्हणून लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची तपासणी. मुलीची एकटीची नाही!

ताईंची मुलगी 19 वर्षांची, नर्सिंग शिकते. स्थळ आलं तेव्हा माझ्या सांगण्यावरून ताईंनी कार्ड दाखवलं आणि मुलाची तपासणी करा म्हटलं. त्या लोकांनी परत फोन केला नाही. ताई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "तुमचं काय जाते मॅडम, पोरगी माही हाय," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी मात्र म्हणाली, आई, लपवून लग्न केलं असतं तर दोष मलाच आला असता. हे लपवणं एकेका घराने सोडून चालत नाही, आख्ख्या गावाने तपासणी केली तरच कोणाच्या पोरीकडे बोट दाखवलं जाणार नाही. म्हणून त्यांच्या गटाने ठराव केला की गटातल्या प्रत्येक घरातली लग्नाची मुलं-मुली तपासून घ्यायची. त्याच बैठकीत ताईंच्या हप्त्यांना एक वर्षाची मुदतही दिली.

खाण्याचं थोडक्यात. हळीव, चवळी, मटकी, राजगिऱ्याची आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी, चालत असेल तर कलेजी. वरून लिंबू किंवा आवळा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. भाजी लोखंडी कढईत करा. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, आणि गुळाच्या खड्याने कोणाचं 7 चं 12 झालेलं मी पाहिलं नाही.

पुढच्या महिन्याच्या प्रभाग बैठकीला नर्सताई एच.बी.चं मशीन घेऊन येणार आहेत. जुने रिपोर्ट असतील तर सोबत आणा. मागचा आकडा, त्याची तारीख आणि तेव्हापासून किती गोळ्या घेतल्या, एवढं चिठ्ठीवर लिहून आणा. सिकलचा रिपोर्ट असेल तर तो सगळ्यांसमोर काढायची गरज नाही, मागच्या खोलीत मी बसलेली असेन.