टॉवेलच्या गावात हृदयाचा पंप

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचं बेअरिंग खडखडायला लागलं की जॉबरच्या कानाला ते आधी कळतं. फिरणारं यंत्र झिजायचंच. ‘हार्टमेट ३’ या हृदयाच्या पंपात मात्र बेअरिंगच नाही. त्याचं पातं चुंबकाच्या जोरावर अधांतरी राहून मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं.

हा पंप हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला बसतो आणि तिथलं रक्त उचलून महाधमनीत सोडतो. मधली नळी चक्क विणलेल्या पॉलिएस्टरची असते. पोटातून बाहेर येणाऱ्या वायरच्या आतल्या भागावरही मखमली कापडाचं वेष्टण असतं. पेशी त्यात रुजतात आणि वायर घट्ट धरतात. टॉवेल विणणाऱ्या गावाला हे सांगायलाच हवं.

निकामी होत चाललेल्या हृदयावरचा दुसरा उपाय म्हणजे प्रत्यारोपण. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. आता शस्त्रक्रिया हातची झाली आहे, पण दात्यांची हृदयं पुरत नाहीत. सत्तरीच्या रुग्णाचा नंबर लागणं तर फारच अवघड. अशांसाठी पंप कायमचा बसवता येतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत पंपवाले ५२ टक्के रुग्ण वर्षभर जगले, नुसत्या औषधांवरचे २५ टक्के. तो पंप बोजड होता. हार्टमेट ३ वरचे सुमारे ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनीही हयात होते.

आपल्याकडे प्रश्न लाइटचा. दोन बॅटऱ्यांवर पंप १७ तासांपर्यंत चालतो, रात्री घरच्या प्लगवर. दोन्ही तुटलं तर राखीव बॅटरीची १५ मिनिटं हाताशी. वायरीच्या तोंडाशी नेमाने निर्जंतुक पट्टी करायची. तंतू उडणाऱ्या शेडलगतच्या खोलीत ते सोपं नाही. पोहणं बंद, एमआरआय बंद, रक्त पातळ करणारी गोळी कायम. मनगटाची नाडी तर बऱ्याचदा लागतच नाही, घरचे घाबरतात. खर्च कोटीच्या घरात. बॅटरी बदलायला शिकलेलं माणूस आणि भरवशाचा इन्व्हर्टर घरात नसेल, तर कर्ज काढून हा पंप बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विचार असेलच तर उशीर नको. पंप फक्त डाव्या बाजूला हात देतो. उजवी बाजू आणि मूत्रपिंडं थकली की सर्जनही नाही म्हणतात. वर्षात दोनदा हार्ट फेल्युअरसाठी दाखल व्हावं लागलं, तर जुने इको रिपोर्ट घेऊन लगेच पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाला दाखवून या.