पप-प्लेमधील हँडलरची शिकवण
अमेरिका-युरोपातील लेदर समुदायात, म्हणजे चामडी पोशाखाशी जोडलेल्या लैंगिक उपसंस्कृतीत, रुजलेल्या ‘पप-प्ले’ या खेळात एक सज्ञान व्यक्ती स्वेच्छेने कुत्र्याच्या पिल्लाची भूमिका घेते, तर तिला सांभाळणाऱ्या व्यक्तीस ‘हँडलर’ म्हणतात. हँडलरची शिकवण बहुधा मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी अभ्यासलेल्या सकारात्मक प्रबलनावर, म्हणजे हवे ते वर्तन बक्षिसाने दृढ करण्यावर, बेतलेली असते. ‘बस’, ‘थांब’ अशी एकशब्दी आज्ञा पाळली जाताच शाबासकी किंवा आवडता चेंडू मिळतो आणि ती आज्ञा पक्की झाल्यावरच पुढची घेतली जाते. पिल्लाने भूमिकेत बोलायचे नसेल, तर खेळ थांबवण्यासाठी जमिनीवर तीन थापा मारण्यासारखी खूण आधीच ठरवावी लागते, तसेच रांगण्याने गुडघ्यांवर ताण येत असल्याने पॅड बांधून मधूनमधून विश्रांती द्यावी लागते. दोघांपैकी कोणीही संमती मागे घेताच खेळ तत्काळ थांबला पाहिजे.