मत्स्यपेटीच्या नळीतील हीटर

पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किमान तापमान अनेकदा १०-१२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि घरातील लहान मत्स्यपेटीचे पाणीही निवत जाते. गोल्डफिशला ते मानवते, परंतु फायटर किंवा एंजल यांसारख्या उष्ण कटिबंधातील माशांना साधारण २४ ते २८ अंशांचे स्थिर पाणी लागते. हीटर पेटीत न ठेवता बाहेरील फिल्टरकडून परतणाऱ्या नळीत बसवल्यास पेटी मोकळी राहते आणि वाहते पाणी उष्णता सर्वत्र समान पोहोचवते.

घरगुती रचनेत थर्मोस्टॅट असलेला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारा, काचेचा हीटर रुंद पाइपात उभा बसवून त्याचे वरचे टोक रबरी वायसर असलेल्या केबल ग्लँडने (आवळून पाणी रोखणाऱ्या जोडाने) घट्ट केले जाते. पाइप सीपीव्हीसीचा घ्यावा, कारण साधे पीव्हीसी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. पाणी खालून वर वाहिले पाहिजे, नाहीतर हवा साचून हीटर उघडा पडतो.

६० लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ७० वॅट-तास ऊर्जा लागते, म्हणजे १०० वॅटच्या हीटरला, उष्णतेची गळती न धरता, सुमारे ४२ मिनिटे.

सर्वांत गंभीर धोका विजेचा आहे. गळणारा प्रवाह ओळखून ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी आणि खरे अर्थिंग यांशिवाय ही रचना चालवूच नये. शिवाय वीज जाऊन परत आल्यावर पंप पुन्हा सुरू झाला नाही, तर अडकलेले पाणी उकळू नये म्हणून पाइपावर जास्त तापल्यास वीज तोडणारा स्वतंत्र स्विच बसवावा.