चांद्रयान वाकड्या वाटेने का गेले?

आपले चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून उडाले आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रावर उतरले. म्हणजे ४० दिवस लागले. अमेरिकेची माणसे १९६९ साली चार दिवसांतच पोचली होती. आमचे आबा म्हणतात, "मंग आपल्यालेच इतके दिवस काहून लागले? वाट चुकले काय?"

वाट चुकले नव्हते. शास्त्रज्ञांनी वाटच तशी आखली होती. अमेरिकेचे रॉकेट ११० मीटर उंच, त्यात खूप इंधन. आपले ४३ मीटरचे. थोड्या इंधनात चंद्र गाठायचा म्हणून झोक्याची युक्ती केली. नागपंचमीला लिंबाला झोका बांधतो ना, तो एका दमात उंच जात नाही. खाली येऊन जोरात असला की रेटा द्यायचा, मग दर खेपेला वर चढतो. यानही पृथ्वीभोवती अंड्यासारख्या लांबट वाटेने फिरत होते. ते पृथ्वीजवळ आले की त्याचा वेग सर्वात जास्त होई. तेव्हाच इंजिन थोडा वेळ चालवत, कारण जोरात असताना दिलेला रेटा जास्त कामी येतो. २५ जुलैपर्यंत असे पाच वेळा केले. तेव्हा वाट सव्वा लाख किलोमीटर दूर जाऊ लागली. मग १ ऑगस्टला शेवटचा मोठा रेटा देऊन चंद्राकडे पाठवले.

पण चंद्र काही जागेवर थांबत नाही. तो सेकंदाला एक किलोमीटर पळतो! पळते वासरू धरायचे तर ते दिसते तिथे धावून उपयोग नाही, आडवे जाऊन पुढे गाठावे लागते. म्हणून यान चंद्र होता तिकडे सोडले नाही, चार-पाच दिवसांनी तो जिथे येणार तिकडे सोडले. आपल्या पुस्तकातल्या दोन गाड्यांच्या गणितासारखेच हे गणित, फक्त दोन्ही गाड्या गोल फिरतात.

खरी भीती ५ ऑगस्टची होती. त्या दिवशी इंजिन उलट्या दिशेने सुमारे अर्धा तास चालवून वेग कमी करायचा होता. ब्रेक लागला नसता तर यान चंद्राजवळून तसेच निघून गेले असते. ब्रेक लागला. २०१९ साली चांद्रयान-२ सुद्धा इथपर्यंत नीट गेले होते, पण उतरताना त्याचा विक्रम आदळला. या वेळचा विक्रम चार पायांवर उभा राहिला.

आणि इंधन किती वाचले? विक्रमला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागात १०० किलोपेक्षा जास्त उरले. तेवढ्यावर शास्त्रज्ञांनी तो भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये परत पृथ्वीभोवती आणला.