लाल गोळी आणि चहा

आशा म्हणून पाड्यावर फिरताना मी आधी उशाखाली बघते. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं तिथंच दडवलेली सापडतात. गेल्या पावसाळ्यात एक पहिलटकरीण म्हणाली, "ताई, शी काळी होते. बाळ पण काळं होईल." सासूलाही तेच वाटायचं. दोघींना समोर बसवून सांगितलं, काळं दिसतं ते अंगात न मुरलेलं लोह. बाळाच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, 180 दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. पोटुशीपणी अंगातलं रक्त वाढतं, बाळाला आणि वारेलाही लोह लागतं. नुसत्या नाचणी-भाजीवर ते भागत नाही. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं, तर डोस डॉक्टरच ठरवतात.

त्या पहिलटकरणीची गोळी सकाळी चहाबरोबर जायची. चहा लोह अडवतो, आणि रिकाम्या पोटी मळमळतं ते वेगळंच. मग गोळी रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियमची सकाळी. नोंदणीला तिचं हिमोग्लोबिन 11.4 होतं. आठव्या महिन्यात 11.2 भरलं, तेव्हा रिकामी पाकिटं सासूनंच मोजून दाखवली.