लॉख लाँग 'लांब' नव्हे

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लॉख लाँग सुमारे ३२ किलोमीटर पसरलेलं आहे. म्हणून हे नाव इंग्रजी 'लाँग'वरून पडलं असावं, असं नकाशा पाहणारा सहज धरून चालतो. इथल्या जुन्या गेलिक भाषेत मात्र 'लाँग' म्हणजे जहाज. लांबी सांगायची असती तर नाव 'लॉख फाडा' झालं असतं. त्या नावाचं लॉख स्काय बेटावर आहेच. जहाजाचा अर्थ इथे शोभतोही. १२६३ मध्ये नॉर्वेचा राजा हाकोन याच्या आरमारातली काही जहाजं या लॉखच्या टोकापर्यंत आली. खलाशांनी ती जमिनीवरून ओढत नेली, पलीकडच्या लॉख लोमंडमध्ये उतरवली आणि काठावरच्या वस्त्या लुटल्या. ज्या गावाशी ती पाण्यात उतरली ते टारबेट. दोन पाण्यांमधली, होडी ओढून पार करायची चिंचोळी जमीन, असा त्या शब्दाचा अर्थ. या किनाऱ्यावर टारबर्ट, टारबेट नावाची गावं अनेक आहेत, इतकी ती रीत रुळलेली होती.

लॉख म्हणजे तळं, ही समजूतही अर्धीच खरी. लॉख नेस गोड्या पाण्याचं, पण लॉख लाँग आणि लॉख फाइन हे जमिनीत शिरलेले समुद्राचे फाटे. तिथे भरती-ओहोटी चालते. छोट्या तळ्याला 'लॉखन' म्हणतात.

सगळी नावं मुळात गेलिकच, हेही खरं नाही. लुइस बेटावर कित्येक शतकं नॉर्स लोकांचा वावर होता. तिथल्या 'लॉख लांगावट'मधलं 'लांगावट' नॉर्स आहे: 'लांग' म्हणजे लांब, 'वट' म्हणजे तळं. गेलिक बोलणाऱ्यांनी जुनं नाव तसंच ठेवलं आणि पुढे आपला 'लॉख' जोडला. त्यामुळे एकाच नावात तळं दोनदा येतं. माझ्या मते, या बेटाचा इतिहास याहून थोडक्यात कुठेच सापडणार नाही.

लॉख मरीचा संबंध अनेकजण मेरी मातेशी लावतात. तो आहे संत मेलरूबाशी. आयर्लंडहून आलेल्या या संताने ६७३ मध्ये अॅपलक्रॉसला मठ स्थापला होता.

ओढ्यांना गेलिकमध्ये 'ऑल्ट' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ उंचवटा, कडा असा. वेल्श भाषेत तो आजही उतारासाठी वापरतात. डोंगरउतारावरून धावणाऱ्या पाण्याला तेच नाव चिकटलं. बेन नेव्हिस पर्वताच्या उत्तर कड्याखालचा 'ऑल्ट अ व्हुलिन' म्हणजे गिरणीचा ओढा. आज त्याच्या पाण्यावर व्हिस्कीची भट्टी चालते. इंग्रजी वळणाच्या नावांत हा शब्द ओळखू येत नाही: 'ऑल्टबे' हे गाव म्हणजे बर्चच्या झाडांचा ओढा.

नावांत येणाऱ्या रंगांच्या बाबतीत तर शब्दकोशावर विसंबून राहू नये. 'गोर्म' म्हणजे निळा, पण हिरव्यागार गवतालाही गोर्मच म्हणतात. 'ग्लास' राखाडी आणि हिरवट यांच्या मधला. 'डू' म्हणजे काळा. ते नाव असलेलं तळं घाण किंवा अशुभ मुळीच नसतं. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, जमिनीतून झिरपलेलं पाणी गडद तपकिरी होतं आणि डोंगराच्या सावलीत काळं दिसतं.