जुनी सुपर्ब घेताय? आधी सीटबेल्ट ओढा

मोठी सेकंड-हँड सेडान घ्यायची तर माझं मत 2016 नंतरच्या स्कोडा सुपर्बला. जुळणी आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातली, डिकी 625 लिटरची, युरो एनकॅपचे 5 तारे (युरोपातल्या मॉडेलला, हे लक्षात ठेवा), आणि मागे इतकी ऐसपैस जागा की आजी-आजोबा महाबळेश्वरपर्यंत कुरकुरणार नाहीत.

पण पुण्यात पहिली तपासणी पाण्याची. 2019 चा आंबिल ओढ्याचा पूर, 2024 चा एकतानगरीतला पूर. पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मुळाशी चिखलाचा डाग, सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीखाली गाळ दिसला की नमस्कार करून निघा, सीटकव्हर कितीही चकचकीत असो.

1.8 पेट्रोलचा सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा; रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह पहाटे नको, संध्याकाळी गच्च भरलेल्या सिंहगड रोडवर घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के बसले तर घासाघीस न करता गाडी सोडा. डिझेलचा सहा गिअरचा डीएसजी तेलातल्या क्लचचा, मला तोच भरवशाचा वाटतो. मात्र दर 60 हजार किलोमीटरला तेल बदलल्याची बिलं मागा.

चलन आणि कर्जाचा बोजा एमपरिवाहन ॲपवर दिसतो. इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मात्र मालकाकडून लेखी घ्या, मगच टोकन द्या.